पोळ्या लाटणाऱ्या काकू आणि मसाज गन: एका मानदुखीची केस

काकूंनी पदर बाजूला करून मान खाली घातली तेव्हा मला आधी दिसले ते मंगळसूत्राच्या मण्यांचे ठसे. मानेच्या मागे, उजव्या अंगाला, बारीक निळसर ठिपके एका ओळीत, आणि त्यांच्याभोवती पिवळट पडत चाललेला डाग. मुका मार काही दिवसांचा झाला की असा रंग येतो.

"पडलात का कुठे?" मी विचारलं.

"नाही हो मॅडम. ते मशीन लावते ना, त्याचं आहे."

मशीन म्हणजे हातात धरायची, स्नायूंवर भराभर टोले देणारी मसाज गन. मुलानं दिवाळीच्या सेलमध्ये मागवून दिलेली. ही केस मी काकूंच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलून. लिहावीशी वाटली कारण माझ्याकडे फिजिओथेरपीला येणाऱ्या किती तरी घरांत आता हे यंत्र पोचलंय आणि ते वापरायचं कसं हे सांगणारं कुणी घरात नसतं. खोक्यातल्या कागदावर बारीक अक्षरात सूचना असतात, पण खोकं माळ्यावर जातं आणि कागद त्याच्यासोबत जातो.

काकू ५२ वर्षांच्या. डोंबिवलीत घरूनच पोळी-भाजीचं काम. पहाटे साडेचारला कणीक तिंबायला घेतात. साडेआठपर्यंत दीडशेच्या आसपास पोळ्या, मग भाज्या, मग डबे भरणं. संध्याकाळी पुन्हा पन्नास-साठ पोळ्या. अकरा वर्षं हे असंच चालू आहे. उंची चार फूट दहा इंच. ही उंची पुढे महत्त्वाची ठरली, म्हणून इथेच लिहून ठेवते.

तक्रार पाच महिन्यांची. उजवा खांदा आणि मान यांच्या मधल्या भागात सतत ठणका. दुपारपर्यंत हात भरून येतो, मान उजवीकडे वळवली की कळ कानामागे चढते. "गाठ आलीय तिथं, बघा, हाताला लागते." शून्य ते दहामध्ये दुखणं किती, तर सात. झोप जेमतेम पाच तास. यजमानांची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, त्याचे हप्ते चालू आहेत. सकाळी उठल्यावर जबडाही दुखतो म्हणाल्या, म्हणजे झोपेतही दात आवळलेले असणार.

तपासणीत खांदा सगळीकडे पूर्ण फिरत होता. या वयात, त्यातून घरात साखरेचा इतिहास असला की खांदा जाम होण्याची शंका आधी येते, ती इथे नव्हती. हाताला मुंग्या नाहीत, पकड दोन्ही हातांची सारखी, मान मागे आणि बाजूला झुकवून दाब दिला तरी कळ हातात उतरत नव्हती. म्हणजे मणक्यातून निघणारी नस दबल्याची चिन्हं नव्हती. छातीत दुखणं, चालताना धाप, रात्री ताप, वजन उतरणं, हे सगळं विचारून घेतलं. मान डावीकडे छान ७५ अंश वळायची, उजवीकडे जेमतेम ५०. खांद्याच्या वरच्या स्नायूत, ज्याला आम्ही ट्रॅपिझियस म्हणतो, बोटाला दोरीसारखा ताणलेला पट्टा लागत होता. त्यावर दाबलं की नेमकी तीच कळ कानामागे जायची. स्नायूचं दुखणं, मायोफेशियल पेन. निदान सोपं होतं.

सोपं नव्हतं ते मशीनचं प्रकरण.

"कसं लावता, दाखवा ना," म्हटलं. पिशवीत आणलंच होतं. पाऊण किलोच्या आसपास वजन, सहा वेग, चार-पाच प्रकारची टोकं. काकूंनी सगळ्यात टोकदार, बंदुकीच्या गोळीसारखं टोक बसवलं, वेग थेट सहावर नेला आणि मंगळसूत्रावरूनच मानेच्या बाजूला दाबून धरलं. दाबताना चेहरा आवळला. किती वेळ? "गाठ मऊ पडेपर्यंत. पाऊण तास तरी. दुपारी एकदा, रात्री एकदा. लावलं की बरं वाटतं हो, दोन तास. मग ये रे माझ्या मागल्या."

मी मशीन बंद करून घेतलं आणि विचारलं, लावताना कधी चक्कर? थोडं थांबून म्हणाल्या, दोनदा गरगरल्यासारखं झालं, पित्त असेल म्हणून सोडून दिलं.

त्या दिवशी मी कुठलाही उपचार केला नाही. मानेच्या बाजूला, जबड्याच्या कोनाखाली कॅरोटिड धमनीचा असा एक भाग आहे की तिथं दाब पडला तर हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. मेंदूकडे जाणारी दुसरी धमनी मानेच्या मणक्यांतल्या भोकांमधून वर चढते. २०२२ मध्ये मानेवर अशी मसाज गन काही आठवडे वारंवार वापरलेल्या एका तरुण स्त्रीच्या या धमनीचा आतला पापुद्रा फाटल्याची केस वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आहे. अशा घटना दुर्मीळ आहेत, पण मान आणि चक्कर हे दोन शब्द एकत्र आले की दुर्मीळ म्हणून सोडून द्यायची सोय नसते. काकूंना त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. रक्तदाब, साखर, चालणं, तोल, डोळ्यांच्या हालचाली, सगळं तपासून झालं. सगळं ठीक निघालं. मशीन मानेवर लावणं बंद केल्यावर गरगरणंही परत आलं नाही. मग आम्ही सुरुवात केली.

मशीन करतं काय

काकूंची ठाम समजूत होती की गाठ म्हणजे काहीतरी घट्ट साठलेलं आहे आणि मशीन ते ठोकून फोडतं. म्हणून जितका जोर जास्त, तितकं काम लवकर. ही समजूत मला जवळजवळ प्रत्येक घरात भेटते, आणि निळे डाग तिच्यातूनच येतात.

ठेच लागली की आपण अंगठा धरून चोळतो. चोळण्यानं जखम भरत नाही, पण कळ कमी होते. स्पर्शाचा आणि कंपनाचा संदेश जाड, जलद नसांमधून मज्जारज्जूत पोचतो आणि दुखण्याचा संदेश वर जायचं दार थोडं लोटून घेतो. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये हा दाराचा सिद्धांत मांडला. तपशील पुढे बरेच सुधारले गेले, पण मुख्य कल्पना टिकली. मसाज गन मिनिटाला दोन-तीन हजार टोले देते, म्हणजे सेकंदाला तीस ते पन्नास. स्नायू त्यानं तात्पुरता सैलावतो, दुखणं तात्पुरतं मागे सरतं. २०२० मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी १६ तरुणांच्या पोटऱ्यांवर पाच मिनिटं मसाज गन चालवली. घोट्याची हालचाल सुमारे पाच अंशांनी वाढली, ताकदीत फरक पडला नाही. पाच मिनिटांत एवढं होतं. त्या पुढची चाळीस मिनिटं कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांना मार देण्यात जातात.

आणि मार खरंच बसू शकतो. सायकल चालवून दमलेल्या एका तरुणीच्या मांड्यांवर अशी गन वापरल्यानंतर तिला चहाच्या रंगाची लघवी होऊ लागली, स्नायूंचे तंतू तुटून त्यांतला माल रक्तात उतरला होता. ही केस २०२१ मध्ये छापली गेली. काकूंना मी हे सांगितलं ते घाबरवायला नव्हे. त्यांनी मशीनला तेलमालिशीच्या रांगेत बसवलं होतं, "मालिश जास्त झाली म्हणून कुणाचं काय बिघडलंय?" असं त्या म्हणाल्या होत्या. मालिश करणाऱ्याचा हात दमतो आणि थांबतो. मोटर दमत नाही.

मग त्यांच्यासाठी ठरवून दिलं ते असं. टोकदार टोक डब्यातच राहील, मोठं गोल मऊ टोक लावायचं. वेग पहिला, फार तर दुसरा. मंगळसूत्र काढून बाजूला ठेवायचं, केस वर बांधायचे, पदर खोचायचा. मशीन फक्त खांद्याच्या मांसल भागावर आणि पाठीच्या वरच्या भागात, मणका आणि खांद्याच्या हाडाच्या मधल्या पट्टीत. मानेवर नाही, समोरून नाही, बाजूनंही नाही. गळ्याच्या हाडावर नाही, मणक्यावर नाही. दाबायचं नाही, मशीनच्या वजनानंच सरकू द्यायचं, सावकाश, इस्त्री फिरवावी तसं. एका जागी फार तर एक मिनिट, सगळं मिळून चार मिनिटं. लावताना दात आवळले गेले तर जोर जास्त झाला असं समजायचं.

आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती, बऱ्याच जणांच्या येत नाही. उजव्या खांद्यामागे मशीन पोचवायला त्या उजवाच हात वर उचलून मागे वळवायच्या. म्हणजे दुखरा खांदा पाऊण तास पाऊण किलोचं थरथरतं वजन पेलून उभा. तो सैलावणार कसा? हे काम सूनबाईंकडे दिलं. काकू खुर्चीवर उलट्या बसणार, कपाळ पाठीच्या टेकूवर, दोन्ही हात सैल, आणि सून मशीन फिरवणार.

यजमानांची पोटरी

घरात मशीन आलं की ते एकाचं राहत नाही. दुसऱ्या भेटीला काकूंसोबत यजमान आले. त्यांच्या डाव्या पोटरीवर तळहाताएवढा काळानिळा डाग होता. पाय जड वाटतात म्हणून रात्री टीव्ही बघत त्यांनी अर्धा तास मशीन लावलं होतं. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू, शिवाय जुना मधुमेह, तळपायांना नीट जाणवत नाही. कितीही जोर लागला तरी त्यांना कळलाच नसता, आणि आतून रक्त उतरायला लागलं की ते लवकर थांबणारं नव्हतं. सूज, गरमपणा नव्हता, तरी डॉक्टरांना दाखवायला लावलं. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर आत रक्ताची गुठळी असू शकते, अशा पायावर मशीन लावणं म्हणजे गुठळी सुटून फुप्फुसाकडे जायचा धोका ओढवून घेणं. त्यांच्यासाठी मशीन पूर्ण बंद. पाय जड का वाटतात याचा शोध डॉक्टरांनी वेगळा सुरू केला.

या घरात कुणाला पेसमेकर नव्हता, कुणी गरोदर नव्हतं, कुणाची हाडं ठिसूळ झालेली नव्हती. तुमच्या घरात यांपैकी कुणी असेल तर मशीन त्यांच्या हाती देण्याआधी डॉक्टरांशी बोला, एवढं कळकळीनं सांगते.

ओट्यापाशी

दोन आठवड्यांनी दुखणं सातावरून पाचावर आलं होतं. डाग गेले होते. पण सकाळचे डबे संपेपर्यंत खांदा पुन्हा चढायचा. घर क्लिनिकपासून जवळच, म्हणून एका पहाटे मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

काकू लाटत होत्या. लाटणं पुढे गेलं की दोन्ही खांदे कानांकडे वर, मागे आलं की थोडे खाली, पुन्हा वर. पोळपाट शेगडीच्या डाव्या हाताला. म्हणजे प्रत्येक पोळीला तव्याकडे बघायला मान उजवीकडे, दीडशे वेळा. टेप मागून घेतली. ओटा ३४ इंच, त्यावर पोळपाट अडीच इंच, एकूण साडेछत्तीस. उभ्या काकूंचं कोपर जमिनीपासून ३६ इंचांवर. लाटायला वरून भार द्यावा लागतो आणि इथे पोळपाट कोपराच्याही वर. भार द्यायचा तर खांदे उचलण्यावाचून इलाज नव्हता. अकरा वर्षं ट्रॅपिझियस रोज तीन-चार तास हे करत होता आणि मशीन दुपारी येऊन त्याला म्हणत होतं, सैल हो.

देवघरासमोरचे दोन पाट आणून जोडून ठेवले आणि काकूंना वर उभं केलं. पहिल्याच पोळीला सून म्हणाली, "आई, तुमचे खांदे खाली आले." काकू लाटायच्या थांबल्या. एकदा खाली उतरल्या, एकदा पुन्हा चढल्या, आणि म्हणाल्या, "एवढंच होतं होय?"

एवढंच नव्हतं, पण बरंच होतं. सुट्या पाटांवरून पाय सटकायचा, म्हणून त्याच आठवड्यात सुताराकडून ओट्याच्या लांबीची चार इंच उंच फळी करून घेतली, खाली रबर लावून. पोळपाट एक दिवस शेगडीच्या डावीकडे, एक दिवस उजवीकडे. मशीन ओट्यावरच शेगडीशेजारी चार्जिंगला लावलेलं होतं, वर पिठाचा थर. लिथियमची बॅटरी उष्णतेपाशी ठेवायची नाही म्हणून ते बाहेरच्या खोलीत गेलं.

व्यायाम मुद्दाम थोडाच दिला. २०११ मध्ये डेन्मार्कमध्ये मान-खांदा दुखणाऱ्या १९८ कर्मचाऱ्यांवर अभ्यास झाला होता. रबरी पट्टा घेऊन हात बाजूनं उचलायचे, काहींनी दिवसाला १२ मिनिटं, काहींनी फक्त दोन मिनिटं, १० आठवडे. दोन मिनिटंवाल्यांनाही गुण आला. काकूंना दोनच मिनिटं सांगितली, मशीन झाल्या झाल्या लगेच, स्नायू सैल आहे तोवर. आधी मान हळू दोन्हीकडे वळवायची, मग पट्टा.

पाऊण तासाचं कारण

आता ज्या गोष्टीसाठी मला ही केस खरी लिहायची होती ती.

तिसऱ्या भेटीत सूनबाईंनी हळूच सांगितलं की रात्रीची चार मिनिटं त्या नीट पाळतात, पण दुपारी आई खोलीत जाऊन अजूनही पाऊण तास मशीन लावतात. मी काकूंना समजावलं, जरा ठसक्यातच. डाग आठवून दिले, चक्कर आठवून दिली. त्या ऐकत राहिल्या. मग पदराच्या टोकाला पीळ देत म्हणाल्या,

"मॅडम, खरं सांगू? मी ते अंगाला लावतच नाही आता. नुसतं चालू करून गादीवर ठेवते. ते घुरघुर चालू असलं की मला कुणी हाक मारत नाही. सगळ्यांना वाटतं, आई मशीन लावतेय, दुखतंय तिचं. नुसती पडले असते तर फोन आला, दूधवाला आला, ह्यांचा चहा आला."

मी पाच आठवडे त्यांच्या खांद्यावर काम करत होते आणि हे विचारलंच नव्हतं. पाऊण तास कशासाठी लागतो, हा प्रश्न मी स्नायूला विचारला होता, काकूंना नाही. वेळ तोडायला सांगताना मी त्यांच्या दिवसातली एकमेव बंद दाराची वेळ तोडत होते. दुखण्यावरचा उपाय चार मिनिटांचा होता, उरलेली एक्केचाळीस मिनिटं वेगळ्याच गरजेची होती, आणि ती गरज खोटी नव्हती. पाच तासांची झोप, हप्ते, पहाटेपासून डब्यांचे फोन. ताणात दात आणि खांदे आवळलेले राहतात हे मी कागदावर पहिल्याच दिवशी लिहिलं होतं, आणि तरी ताणावरचा इलाज मशीनकडून मागत राहिले.

काकूंच्या परवानगीनं पुढच्या वेळी यजमान आणि सून दोघांनाही बसवून बोललो. ठरलं ते असं: दुपारी साडेतीन ते सव्वाचार काकूंचं दार बंद. मशीन न लावता. फोन सुनेकडे. पहिली पाच-सात मिनिटं उताणं पडून, गुडघ्यांखाली उशी, जीभ टाळूला, दात सुटे, श्वास सोडताना घेण्यापेक्षा लांब. मग झोप लागली तर लागली. यजमानांनी चहा स्वतः करायचं कबूल केलं. सुनेनं मला बाहेर सोडायला येताना सांगितलं की त्यांना गॅस पेटवायचा लायटर कुठे असतो तेही माहीत नव्हतं. आता माहीत आहे.

पुढे

सहा आठवड्यांनी दुखणं दोन-तीनवर होतं, मान उजवीकडे ७० अंश वळत होती. सकाळचं जबडा दुखणं थांबलं. मशीन रात्री एकदा चार मिनिटं, तेही रोज नाही. पूर्वी एक दिवसाआड चार्ज करावं लागायचं.

होळीला दोन दिवसांत दोनशे पुरणपोळ्यांची ऑर्डर होती. पुरण वाटून, कणीक तिंबून, लाटून दुसऱ्या रात्री खांदा पुन्हा पाचावर गेला. काकूंनी मला फोन केला तो घाबरून नव्हे, सांगण्यासाठी. मऊ टोक, पहिला वेग, चार मिनिटं, मग पट्टा. दुसऱ्या दिवशी भाजीचं काम सुनेला दिलं. तीन दिवसांत उतरलं. या उधाणाचं मला वाईट वाटलं नाही. दोनशे पुरणपोळ्यांनी कुणाचाही खांदा भरून येईल.

मे महिन्यात डबे पोचवायला निघालेल्या सूनबाई क्लिनिकच्या दारात थांबल्या. त्या पाच फूट सहा इंच. हल्ली संध्याकाळच्या पोळ्या त्या करतात, आणि फळीवर उभं राहिलं की त्यांची कंबर वाकते. म्हणून सुताराला पुन्हा बोलावून फळीला दोरीचा कान लावून घेतलाय. सून लाटायला आली की काकू तो कान धरून फळी ओट्याखाली सरकवतात, आणि रात्री निजताना पहाटेसाठी पुन्हा बाहेर ओढून ठेवतात.